खुणेचा शब्द

पासवर्ड जपायच्या गोष्टी चालल्यात, तर आमच्या सावद्याच्या नानांचं ऐका. नव्वदीच्या अखेरीस मी जळगावात लोकांच्या वेबसाइट सांभाळायचो. नाना केळीचे व्यापारी. त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, "साइट चालू ठेवणं माझं काम. रोजचा भाव तुम्ही फोनवर सांगायचा. खुणेचा शब्द सांगितल्याशिवाय मी तो बदलणार नाही, आणि तो शब्द जपणं तुमचं काम."

"माझं मी सांभाळतो," नाना म्हणाले.

पुढे नाना पुतणीच्या लग्नासाठी धुळ्याला जाऊन राहिले. भाव मात्र रोज येत होता, खुणेच्या शब्दासकट. मला वाटलं, मुनीम असेल. नाना परतल्यावर कळलं, फोन शेजारच्या गाळ्यातले सुपडूभाऊ करत होते. हे सुपडूभाऊसुद्धा केळीचेच व्यापारी, नानांची गिऱ्हाइकं ओढायला कायम टपलेले.

दिल्लीचे लोक साइटवरचा भाव बघून माल मागवायचे.

"नाना, त्यांनी खोटा भाव सांगितला असता तर बुडाला असता तुम्ही."

"सांगितला का?"

"नाही. रोज बरोबर होता."

"मग? माझ्या गाळ्याची किल्लीबी त्याच्याकडेच राहते. त्याची माझ्याकडे."

आठवड्याभरात सुपडूभाऊच माझ्या दुकानात हजर. त्यांनाही वेबसाइट हवी होती. कामाची तीच वाटणी समजावली आणि शेवटी हात जोडून म्हटलं, "भाऊ, खुणेचा शब्द तेवढा कोणाला सांगू नका."

"छे, कोणाला सांगतोय," सुपडूभाऊ म्हणाले. "फक्त नानाला."