विंझरचा तो शॉट

तुम्ही विचारता ना, सिनेमा शिकताना कधी घाबरलीस का? विंझर गावात घाबरले. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची फिल्म होती. ज्यांच्यावर ती होती त्या सखूकाकू अंगणात तांदूळ निवडत होत्या आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे मी उभी होते. तेवढ्यात सरपणातून नाग निघाला आणि सरळ त्यांच्या पावलाकडे आला. आवाज रेकॉर्ड करणारा वर्गमित्र निखिल पुटपुटला, "थांबवू नकोस. असा शॉट परत मिळायचा नाही."

समोरचा माणूस संकटात असताना कॅमेरा चालू ठेवायचा नाही, म्हणून मी वर्गात तावातावाने भांडले होते. आणि आता माझा हात बटणापर्यंत जाईना. ओरडले तर काकू दचकून पाय हलवतील, ही भीती. शेवटी कसंबसं म्हणाले, "काकू, अजिबात हलू नका."

त्यांचा हात सुपातच थांबला. नाग त्यांच्या टाचेला घासून गवतात शिरला. मी धावत जाऊन त्यांना घट्ट धरलं.

"काकू, साप दिसला होता तुम्हाला?"

"न्हाई गं. तुजं तोंड दिसलं. म्हनलं, पोर एवढी पांढरी पडलीय, आता गप बसावं."