फुकटची जाहिरात

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या ज्ञानोबाच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं आलं. एक होता बँडमालक बंडप्पा, दुसरा बँडवाल्यांच्या संघटनेचा चिटणीस शिवपुत्र.

"लग्नं तोंडावर आली, अन् माझ्याकडं क्लॅरनेटवाला न्हाय. ग्रुपवर टाकलं, तर तू पुसून टाकलंस!"

"अण्णा, फुकट जाहिराती बंद, असं बैठकीत ठरलंय. दिवसभर नुसतं 'माणूस पाहिजे'. कुणी वारल्याची खबरबी त्यात दिसंना."

"मग बारक्या बँडानं माणूस हुडकायचा कुठं?"

"पैसे भरून टाका की."

"सोनारीच्या जत्रंत कोण पैसे भरत होतं रं? काम पायजे त्यानं देवळामागं उभं राहून वाजवायचं. मालकानं ऐकायचं, पटलं तर हातावर सुपारी ठेवायची. झालं!"

"लई गर्दी व्हायची, अण्णा."

"त्या गर्दीत तू क्लॅरनेट घेऊन घामाघूम. निम्मे सूर चुकत होते. सगळे मालक पुढं निघून गेले."

"तुमी थांबलात."

"थांबलो."

शिवपुत्रानं हातातला मोबाइल खिशात ठेवला.

"अण्णा, ह्या हंगामात मीच येतो वाजवायला."

"चिटणीससाहेब? वरातीत चालवंल का तुला?"

"तुमी पुढं चाला, मी येतो मागनं."