भरलेली दुनळी आणि चष्म्याचा नंबर

...आणि वर तो मलाच विचारतो, "बंदूक कसली? गोंदाची की रंग मारायची?" हार्डवेअरवाला हो. म्हटलं, खरी, माणूस मरतो ती. तर म्हणे, "ती नाही ठेवत आम्ही, पण गोंदाची घेऊन जा, तक्रार नाही येणार." तुम्हाला सांगतो, अकरा दिवस मी चपला झिजवल्या. मला काय तोफखाना काढायचा होता? मला फक्त एक माणूस हवा होता, बंदूक उघडून देणारा.

झालं असं. माझे सासरे आयुष्यभर एका मोठ्या फळबागेचे राखणदार. सासूबाई गेल्या तसे आमच्याकडे राहायला आले, सोबत एक ट्रंक, एक छत्री आणि एक दुनळी बंदूक. परवाना आहे बरं का, रीतसर, वेळच्या वेळी नूतनीकरण केलेला. माझी काही हरकत नव्हती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, दिवसभर लोकांना "आता कसं दिसतंय, आणि आता?" विचारत बसतो, मला बंदुकीतलं काय कळतंय? ठेवली कपाटावर. पाच महिने सुखात गेले. मग एका रविवारी बायको स्टुलावर चढली धूळ पुसायला आणि सहज, अगदी सहज विचारलंन, "बाबा, ही रिकामीच आहे ना?"

बाबा पेपर वाचत होते. "आहे ना," म्हणाले. आणि पान उलटता उलटता... "असावी."

आता 'आहे' आणि 'असावी', यांत अंतर केवढं? पण त्या अंतरात माझा संसार गेला. बायको स्टुलावरच थिजली. मी म्हटलं, घाबरू नकोस, उघडून बघू. तर वरची कळ हलेना. बाबांनी वर्षानुवर्षं तिला डोक्याचं तेल चोपडलेलं, ते आत जाऊन डिंकासारखं बसलेलं. म्हटलं, "बाबा, डोक्याचं तेल?" तर म्हणाले, "तिला ते मानवतं."

तासाभरात बायकोने बॅग भरली आणि मुलीला घेऊन बहिणीकडे निघाली. "अहो, ती उघडल्याशिवाय मी या घरात पाऊल ठेवणार नाही." म्हटलं, "आणि मी?" तर म्हणे, "तुम्ही बाबांजवळ थांबा." म्हणजे उडायचंच असेल तर मी उडावं, मी काय, बाहेरचाच. आणि नळीचं तोंड करायचं कुठं? एका बाजूला शेजारच्यांचं स्वयंपाकघर. दुसऱ्या बाजूला आमचीच न्हाणी, तिथं तर मला रोज जायचं. मोठ्या हुशारीने बाहेरच्या भिंतीकडे वळवली आणि खिडकीतून डोकावलो तर खाली बसस्टॉप, सतरा माणसं रांगेत.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार सभ्य होता, ऐकून घेतलंन. "भरलेली असेल तर इथं आणू नका." म्हटलं, साहेब, भरलेली आहे का तेच तर बघायचंय. "मग बघा, आणि आणा." म्हटलं, उघडत नाही हो. "मग कारागिराकडे न्या." म्हटलं, भरलेली बंदूक रस्त्याने नेऊ? "छे, भलतंच. कारागीर घरी आणा." अहो, आणतो की, पण आहे कुठं तो? त्यावरही तो म्हणाला, "शोधा."

शोधलं. एका दुकानावर हातभर अक्षरात पाटी, 'शस्त्रे व दारूगोळा', आत जावं तर बॅटऱ्या, रेनकोट आणि गिर्यारोहणाचे बूट. मालक म्हणतो, "पाटी वडलांची आहे, काढवत नाही." दुसरं दुकान मात्र खरं. काचेच्या कपाटात ओळीने बंदुका, तेलाचा वास, मला तर भरून आलं. मालकाने बसवलं, पाणी दिलं, तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला. "आमचे आजोबा डोळे मिटून बंदूक खोलायचे." म्हटलं, आजोबा कुठं असतात? त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. म्हटलं, मग तुम्ही? "मी कॉमर्स केलंय."

मला फक्त एक माणूस हवा होता...

माझा चेहरा बघून त्यालाच दया आली असावी. म्हणाला, "एक मिस्त्री आहे, गोदामांच्या मागच्या गल्लीत. आमचं सगळं काम तोच करतो. हात सोन्याचा आहे. डोळे जरा... हल्ली अंदाजाने करतो." अंदाजाने. भरलेली बंदूक.

गेलो तरी. पर्याय होता कुठं? लांबट खोली, लाकडी टेबल, शिकंजा, कानशी, आणि म्हातारा मिस्त्री बंदुकीच्या एका खटक्यावर इतका वाकलेला की वाटावं, वास घेतोय. दोऱ्याने बांधलेला चष्मा. माझं बंदुकीवरनं लक्षच उडालं. म्हटलं, मिस्त्री, हा नंबर कुणी काढला? म्हणाला, "माझा नाही, थोरल्या भावाचा. भाऊ गेला, चष्मा चांगला होता, टाकायचा कशाला?"

आता मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. माणूस भावाचा कोट घालील, पण भावाचे डोळे? हाताला धरून त्याला दुकानात आणला, नंबर काढला. डोळे बरे होते हो, उगाच बदनाम झालेले. चार दिवसांत चष्मा तयार. घातल्यावर मिस्त्रीने पहिल्यांदा स्वतःचे हात पाहिले, पुढून, मागून. हळूच म्हणाला, "इतका म्हातारा झालो होय मी?"

अकराव्या दिवशी तो पिशवी घेऊन घरी आला. मला बाहेरच्या जिन्यात उभं केलं. बाबा खुर्चीतून उठेनात. "बंदूक माझी आहे, मी इथंच बसणार." शेवटी मिस्त्रीने त्यांना आपल्या पाठीमागे बसवलं. वीस मिनिटं मी जिन्यात उभा, कान देऊन. मग एक बारीकसा आवाज आला, कडी निघावी तसा, आणि मिस्त्री म्हणाला, "या आत."

एक नळी रिकामी. दुसरीत काडतूस. हिरवं पडलेलं, पण अख्खं.

बाबा म्हणाले, "तरी अर्धी रिकामी होतीच." बंदूक ठेवलेल्या त्या कपाटाच्या पायथ्याशी त्यांच्या नातीची गादी, अजून गुंडाळलेली होती. बाबा तिकडेच बघत राहिले. संध्याकाळी स्वतः ट्रंकेतून परवाना काढून माझ्या हातात दिला. "बंदूक त्या बंदूकवाल्याच्या दुकानात जमा करून टाका, जावईबापू. मुलींना घेऊन या."

बायको आली, मुलगी आली, बाबा पेपर वाचायला लागले. संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं.

पंधरा दिवसांनी मिस्त्री माझ्याकडे दुकानात आला. काच पुसून हवी होती. म्हणाला, "फार उपकार झाले तुमचे, सगळं दिसायला लागलं. टेबलावर दुरुस्त करून ठेवलेल्या बंदुका होत्या, त्याही दिसल्या. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या, दस्त्यांवर कानशीचे ओरखडे. भाऊ गेल्यापासून चार वर्षं मी हे असं काम करत होतो? एकानेही तोंडावर सांगितलं नाही." एकेकाला बोलावून, माफी मागून, जमेल तेवढं नीट करून दिलं म्हणे, आणि खोलीला कुलूप लावलंन. मी किती समजावलं. म्हटलं, मिस्त्री, आता तर नीट दिसतंय, आता करा की. तर म्हणाला, "दिसतंय म्हणूनच."

परवा त्या तीन पिढ्यांच्या दुकानातून फोन. मालक रडकुंडीला आलेला. "ओळखीत कुणी चांगला मिस्त्री आहे का हो? आमचा एक होता, छान अंदाजाने काम करायचा, त्याला कुणीतरी चष्मा करून दिला."

काय सांगणार? म्हटलं, "लोकांना काही उद्योग नसतात हो."