फराळाचं ताट कुणाच्या नावे

...आणि माझी तक्रार एवढीच, की ही कथा लोक नेहमी सोयीची तेवढीच सांगतात. भूत वश होतं, म्हणतं, काम दे नाहीतर तुला खाईन. मग एका पाठात त्याला खांबावर चढउतार करायला लावतात, दुसऱ्यात कुत्र्याचं शेपूट सरळ करायला बसवतात, आणि दोन्हींत माणूसच जिंकतो. बडोद्याचा पाठ मात्र वेगळा आहे, तुम्हाला सांगतो. तिथे भूत फोनात राहतं, हिशेब लिहितं, आणि एक काम झालं की अदबीनं विचारतं, ‘पुढची नोंद?’

सुभानपुऱ्यातल्या स्नेहलताबाई घरून फराळ करून विकतात. हिशेब सगळा डोक्यात. लेक इरा म्हणाली, "आई, कर भरताना डोकं जोडता येत नाही," आणि तिनं फोनात हिशेबाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. बाई शिकल्या. आता प्रामाणिक माणूस शिकला की काय करतो? सगळंच लिहितो... दिवाळीत होणाऱ्या विहिणीकडे, हरणी भागातल्या अवंतीबाईंकडे, फराळाचं ताट गेलं, रीतच ती. पण चकली कमी झाली, तर ती कुणाच्या नावे गेली ते सांगा, असं भुताचं म्हणणं. बाईंनी नाव लिहिलं. या कोण? ग्राहक की पुरवठादार? विहीण असा रकानाच नाही, तुम्हाला सांगतो, जगातलं सगळं नातं दोन खणांत! पुरवठादार म्हणावं तर त्या मुलगा देणार आहेत खऱ्या, पण विहंगला मालात कसं धरायचं? म्हणून ग्राहक. पैसे आले? नाही, हे तर खरंच. पुढची नोंद?

दिवाळी सरली आणि अवंतीबाईंच्या फोनवर निरोप गेला: ‘नमस्कार. आपले देणे थकले आहे. कृपया भरावे.’ ज्यांचे आजे-पणजे संस्थानच्या खजिन्यावर होते, त्यांना!

फोन आला. आवाज अगदी थंड. "विहीणबाई, चकली सुरेख झाली होती. उधारीची आहे, एवढं ताटावर लिहायचं होतंत."

स्नेहलताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचं ठरलेलं लग्न आपल्याच हातानं मोडलं, हेच एक डोक्यात. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणतो, "बेन, चिंता ना करो, एने डूबत खाते नाखी दो." बाईंनी रक्कम बुडीत खात्यात टाकली. लगेच अवंतीबाईंना दुसरा निरोप: ‘आपले देणे बुडीत म्हणून नोंदवले आहे.’ आणि इकडे, अदबीनं, पुढची नोंद?

त्याच संध्याकाळी अवंतीबाई स्वतः आल्या. सोफ्याच्या कडेवर बसल्या, पैशांचं पाकीट टीपॉयवर ठेवलं.

"अहो, विहिणीकडून कसे घेऊ?" स्नेहलताबाई रडकुंडीला आल्या.

"घ्या. बुडवी म्हणून मी मुलाच्या मांडवात उभी राहणार नाही." आणि वर, "एक विचारते. मी गिऱ्हाईक, तर तुमची इरा कोण?"

बघा, शास्त्री-पंडितांनी चर्चा करावी असा प्रश्न, आणि तो चकलीवरून निघाला. उत्तर दिलं इरानं, दारातूनच.

"मी सॉफ्टवेअर घालून दिलं ती. आईनं खोटं लिहिलं नाही, मी तिला अर्धंच शिकवलं. रागवायचं तर माझ्यावर."

अवंतीबाई तिच्याकडे वळल्या. "सासरी येऊन माझा हिशेब लिहिणार नाहीस ना?"

"तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"मग चहा टाक. साखर कमी."

लग्न मोडलं नाही. तसं सांगणारा एक पाठ सुभानपुऱ्यात फिरतो, पण तो प्रक्षिप्त आहे. स्नेहलताबाईंनी पाकीट घेतलं, अवंतीबाईंनी पावती मागून घेतली, आणि मार्गशीर्षात इरा-विहंगचं लग्न झालं. रुखवत मात्र बाहेरून मागवलं.