लिंबाला कोण शिवलं

न्हाई न्हाई, खाली ठिवू नगंस ते, मांडीवरच असू दे तुझ्या — कप हाय का देवपूजेचा तांब्या हाय कळंना मला, इबूतीचा वास यायलाय की गं त्याला. इबूत ठिवत व्हता का तुझा शिवय्या त्यात? व्हय? देवळीत? बघ बाई तऱ्हा. जलमात एकदा पळून कप मिळवला आन् त्यात इबूत. बरं केलं म्हणायचं — आमच्या घरी आला असता तर पयल्या वर्सी सुपारी, दुसऱ्या वर्सी तंबाकू, आन् तिसऱ्या वर्सी कोंबड्यांना पाणी पाजलं असतं त्यात. बस अशी भिताडाला टेकून. मालक न्हाईत घरी. सकाळधरनं हुमनाबादेला गेलेत — मिशीला कात्री आन् फेट्याला खळ. उद्या सत्कार हाय न्हवं का त्यांचा! दाढा पडल्या, उठता-बसता ढोपरं वाजायलेत, आन् आता निघालेत पळण्याचा कप घ्यायला. तुला कुणी धाडलं कप घेऊन — भगवानरावानं? त्योच. दुसरं कोण असणार? किलबाचा शिकट्री!

आन् तू बी निघालीस. कपड्यात गुंडाळून, चोरी केल्यावानी मान खाली घालून. ‘ज्याचं त्याला द्यावं, अक्का’ — कुणाचं कुणाला? शिवय्या जिता व्हता तवर मागायची छाती झाली का भगवानरावाची? न्हाई झाली. सरावनात शिवय्या गेला, आन् ह्या साली जत्रेला तालुकदार साहेब येणार म्हणल्यावर ह्यांना आठवलं — अरे, किलबाचा पयला कप तर चुकीच्या घरात हाय! एकली बाई, मागितला की देईल. आन् तू देयलीस. ‘ब्याड ब्याड, आमाला नगं दुसऱ्याचं’ म्हणून उठलीस आन् आलीस. लई गरीब गं तुमी माणसं. मला चीड येती असल्या गरिबीची. ऱ्हाऊ दे, तुला न्हाई बोलत. तुला बोलायले पर तुला न्हाई.

किलब म्हणजे काय ते तरी ठाव हाय का तुला? तवा तुझं लगीन बी झालं नसंल. हैद्राबादेहून एक पेशकार साहेब बदलून आला व्हता — पोट हे एवढं, पायरी चढली की धाप लागायची — त्येनं काढला वर्जिशी किलब. वर्जिश म्हणजे कसरत. कसरत करायची कुणी? गावच्या पोरांनी. साहेबानं? साहेबानं खुर्चीत बसून बघायची. जुम्म्याची सुट्टी आली की हे समदे उंडगे चड्ड्या चढवून गावाबाहीर पळत सुटायचे. बरं, पळायचं कामून? मागं वाघ हाय? न्हाई. बैल सुटलाय? न्हाई. कुणाची बाळंतीण आडलीय, सुईणीला आणायची हाय? ते बी न्हाई. निस्तं पळायचं, आन् जिथनं निघालं तिथंच घामेघूम हून परत यायचं! माझ्या सासूनं पयल्यांदा बघितलं तवा तिला वाटलं लेकाचं पोट बिघडलंय — तांब्या घेऊन मागं धावली म्हातारी. आन् ती चड्डी! तांबडीलाल, शिंप्याकडनं मापं देऊन शिवलेली. धुवायची मी, आन् वाळत घालायची ती बी लुगड्याच्या आत लपवून, सासऱ्याच्या नजरंस पडू नये म्हून. मांड्या उघड्या टाकून हिंडायचं ह्यांनी, लाज राखायची मी. तवाधरनं ह्या घरात कामाची वाटणी अशीच हाय.

आन् पळणाऱ्यांपेक्षा ते वालंटेर भारी. पिवळी फीत छातीला टाचली की झाला माणूस मोठा. कुणी दोरी धरायची, कुणी शिट्टी फुकायची, कुणी चुन्याची रेघ मारायची — चौघं मिळून रेघ मारायले आन् रेघ गेली बैल मुतत गेल्यावानी. पळून येणाऱ्यांसाठी सरबत केलं हंडाभर. पेलं कुणी? फीतवाल्यांनी. पळणारे आले तवा हंड्याच्या बुडाला साखर आन् दोन माशा.

त्या साली वीरभद्राच्या जत्रेत शर्यत ठरली. ज्वारी डोईच्या वर गेली व्हती, कणसं भरायलेली. शर्यत कशी — ध्यान दे, हे तुला कुणी नीट सांगितलं नसंल — हुमनाबादेहून निघायचं, दुबलगुंडीच्या गाडीवाटेनं आमच्या मळ्यात यायचं, हिरीवर कडुलिंबाचं झाड हाय न्हवं, त्या लिंबाला शिवायचं, आन् माघारी जायचं ते ओढ्याच्या वाटेनं. जायची वाट येगळी, यायची येगळी, मधी आमची ज्वारी. लिंबाला शिवला त्याचाच फेरा खरा. आन् कोण शिवलं ते बघायला एक वालंटेर लिंबाखाली उभा. कोण? भगवानराव! पर लिंबाखाली ना वाजंत्री, ना साहेब, ना सरबत. घटकाभर उभा ऱ्हायला, माशा वारल्या, आन् मग मी हिरीवर पाणी शेंदायले ते बघून म्हणतो, ‘वैनी, जरा ध्यान ठिवा, कोण कोण शिवलं तेवढं याद ठिवा, तुमची याद लई चांगली’ — आन् फीत माझ्या पदराला टाचून सायकलीवर टांग मारून पसार झाला. अशी मी वालंटेर. हसतीस? हस. मी बी हसले व्हते तवा.

मग सांजच्याला पेशकाराचा टांगा आला मला न्यायला. का? तर दोरी पयल्यांदा आमच्या ह्यांनी तोडली, त्यांच्या मागं शिवय्या, त्याच्या मागं बाकीचे, आन् साहेब विचारायलाय लिंबाला कोण कोण शिवलं — तर भगवानरावाला काय सांगता येईना. येईल कसं? त्यो तर सरबत पियायला व्हता. गेले. पदर नाकापतुर वढून साहेबाच्या म्होरं उभी ऱ्हायले, भवताली जत्रा लोटलेली. ‘नाम लेके बोलो, बाई.’ मी घडाघडा सांगितलं — शिवय्या शिवला, चनमल्लप्पा शिवला, बंडेप्पा शिवला, राघोबा शिवला, लंगडत आला पर शिवला. आन् थांबले. साहेब म्हणतो, ‘और?’ मी गप. ‘और तुम्हारा मरद?’ मी गप. मग जी जत्रा हसायली! ‘अवो साहेब, नवऱ्याचं नाव कसं घेईल ती!’ — ‘वैनी, उखाण्यात घ्या!’ — बाया मागनं ढोसायल्या मला. साहेबाला कुणीतरी समजावून सांगितलं, ह्यांच्यात नाव घेतलं की नवऱ्याचं आविष्य कमी व्हतं म्हणतात. साहेब मिशीतल्या मिशीत हसला, पर म्हणला, ‘नाम नईं तो फेरा नईं.’ आन् कप दिला शिवय्याच्या हातात.

झालं. तवाधरनं नागूबाई कोण? लाजेपायी नवऱ्याचा कप घालवणारी. गावात नवी सून आली की तिला माझ्या पाया पडायला आणायचे आन् सांगायचे, बघ, अशी लाज पायजे! आन् तुझा शिवय्या कोण? ‘काय शिवय्या, नागूबाईचा कप काय म्हणतो?’ बाजारात तेच, मठात तेच, मयताला गेला तरी तेच. हसायचा निस्ता. तुला बी बोलले असतील. बोललेच असतील, त्याबिगर का तू आज अशी बसलीस, कप न्हाई जणू मेलेलं मांजर हाय मांडीवर.

आता उद्याचा बेत ऐक. मला बी न्यायचं ठरलंय. नवं लुगडं आणलंय. तालुकदाराच्या म्होरं मी उभी ऱ्हायची, म्हातारपणी आता कसली लाज, आन् नाव घ्यायचं. नाव घेतलं की फेरा खरा, फेरा खरा की कप ह्यांचा. भगवानरावानं उखाणा बी रचून दिलाय — ‘चांदीच्या कपात गुलाबाचं पाणी, अमुकराव पळाले, मी त्यांची राणी.’ राणी! शेणाच्या पाट्या उचलून पाठ वाकली, आन् राणी! आन् चांदी कुठली? पितळंला कल्हई हाय ती, घासून बघ तळाला.

आन् ह्यांचं काय सांगू तुला. कप गेला त्या दिवशी घरी आले, बाजेवर उताणे पडले, कण्हायले. मी करडीचं तेल कोमट केलं, मांड्यांना चोळायले, नडग्यांना चोळायले — पार रेघारेघा उठलेल्या, ज्वारीच्या पात्यानं कापल्यावर उठतात तशा, रगत साकळलेलं — हात लावला की वराडायचे. आन् तेल चोळून घेता घेता वरनं मलाच म्हणतात, तुझ्या लाजेपायी गेला माझा कप. माझ्याच हातचं तेल, आन् मलाच —

काय गं? अशी काय बघायलीस?

काय म्हणले मी? तेल म्हणले. करडीचं म्हणले. मग? … ज्वारीच्या पात्यानं म्हणले का. म्हणले असंन. तोंड हाय, सुटतं. गाडीवाटेनं पळणाराच्या मांड्या ज्वारीनं कशा कापतील, असंच म्हणायलीस न्हवं? म्हणत न्हाईस, पर बघायलीस तशी. शिवय्या बी असाच बघायचा. तुमच्या घरात बोलायची चालच न्हाई का?

तर ऐक आता. वारं न्हवतं त्या दिवशी. लिंबाचं पान हालत न्हवतं. आन् माझ्या ज्वारीची कणसं हालायली — एका वळीनं, गाडीवाटेकडनं ओढ्याकडं, रानडुक्कर शिरल्यावानी. मी गोफण उचलली. दगड घातला गोफणीत, फिरवली बी. आन् मधल्या बांधावर डुक्कर वर आलं तर तांबडी चड्डी! मी धुतलेली, मी वाळवलेली. गोफण खाली टाकली मी. टाकाय नगं व्हती. सोडायचा व्हता दगड, मग पळणं काय असतं ते कळलं असतं. माझी कणसं तुडवत गेला गं! लिंब तर लांबच ऱ्हायला, लिंबाची सावली शिवली न्हाई त्येनं.

घटकेनं तुझा नवरा आला. पयला. तळवा टेकवला लिंबाला. पाणी म्होरं केलं तर घेतलं न्हाई, जंगम न्हवं का, आमच्या हातचं चालतंय कुठं तुमाला. म्हणला, ‘अक्का, म्होरं कोण गेलं?’ मी म्हणले, ‘कुणीच न्हाई आलं अजून.’ त्येनं ज्वारीकडं बघितलं — धाटं आडवी पडलेली, ताजी. मग माझ्याकडं बघितलं. आन् गेला पळत. आन् तिकडं साहेबाच्या म्होरं मी गप उभी, जत्रा हसायली, तवा त्यो बी तिथंच उभा व्हता. खरं काय ते त्याच्या बी तोंडात व्हतं. बोलला न्हाई. खाली बघितलं. तुला बी कधी सांगितलं नसंल. न्हाईच? वाटलंच मला. माझी अब्रू झाकली त्येनं, आन् मग जलमभर ‘लाजेचा कप’ ऐकत इबूत भरत बसला त्यात. शहाणपणा म्हणावा का बावळटपणा, तूच सांग. मला तर बावळटपणाच वाटतो. पर असला एक बावळट ह्या घरात असता तर —

ऱ्हाऊ दे.

मी लाजले बिजले न्हाई गं. उखाणे यायचे मला, कुणाच्या बी लग्नात उठून म्हणायची. हे शिवले म्हणायचं तर खोटं, न्हाई शिवले म्हणायचं तर भर जत्रेत चड्डीवर उभ्या माणसाला लोकांचे जोडे. म्हून गप. वाटलं, कळंल त्यांना. घरी आल्यावर काय बोलणार न्हाईत, नगं, पर एकदा खाली तरी बघतील शिवय्यावानी. तर कुठलं! ‘तुझ्या लाजेपायी’. सासूसमोर तेच, सोयऱ्यांसमोर तेच, लेकीच्या लग्नात मांडवात तेच. आन् म्हणत म्हणत, म्हणत म्हणत, सोताला बी खरं वाटायलं. आता नातवाला सांगतात, लिंबाला हात लावला तवा साल टोचली म्हणं, खूण हाय बोटाला. खूण दाखवतात बी! इळ्याची खूण हाय ती, मीच चिंधी बांधली व्हती.

रडू नगंस. रडायला काय झालं? कप तुझा हाय, रडायचं तर ह्या घरानं रडावं, आन् ह्या घरात रडणारं कुणी न्हाई. डोळे पूस. गाठ नीट बांध त्या कपड्याची — न्हाई, बांधूच नगंस. उघडा धर. बाजारातनं जाताना लोकांना दिसू दे, आन् भगवानराव भेटला तर त्येला सांग, फीत अजून हाय माझ्यापाशी, म्हशीच्या रेडकाच्या गळ्यात बांधलीया.

थांब. फाटक वाजलं. आलेत. बघ तो फेटा, कोंबड्याच्या तुऱ्यावानी. दचकून उठू नगंस, सावकाश ऊठ. कप पदराखाली कामून घेतीस? वर घे, छातीशी धर. माझा पदर? पडला तर पडू दे डोईवरचा. उद्या घ्यायचं ते आजच घेते, आन् उखाणा नगं त्याला —

उद्धव! ए उद्धवा! तिथं दारातच उभा ऱ्हा. काय बघतोस, नाव घेतलं मी तुझं, मेलास का? न्हाई न्हवं? ही गंगम्मा तिच्या नवऱ्याचा कप घेऊन तिच्या घरी निघालीय. सरक बाजूला.

वाट सोड तिची.