जंतूंचं विरजण

(नदीकाठच्या एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं फाटक. मे महिन्यातली सकाळ. बाहेर टेम्पो, त्यात रिकामी पिंपं.)

महेंद्र : पिंपं भरून नाही दिलीस तरी चालेल, अभिजीत. अर्धी दे. मी काही सोनं मागत नाहीये, गाळ मागतोय.

अभिजीत : तसं नसतं रे. प्रोसीजर असते. वरून परवानगी आणावी लागेल तुला.

महेंद्र : गटारातल्या गाळाला परवानगी? तुझ्या टाकीतले जंतू काय सरकारी नोकर आहेत?

अभिजीत : हे कोण बरोबर?

महेंद्र : हिरामणदादा. टेम्पो यांचा, पिंपं यांची. माझ्या प्लांटचं साफ केलेलं पाणी यांच्या गावच्या तळ्यात जातं. गावच्या मीटिंगमध्ये मी छाती पुढे काढून बोललो होतो, 'या पाण्यात मासे जगतील!' यांनी विश्वास ठेवला. लोक एम.एस्सी.वर फार विश्वास ठेवतात.

हिरामण : परवापासनं मासं वर येऊन तोंड उघडतायत. रोहू हाय, कटला हाय. सगली माना वर काढून. बघवत न्हाय.

अभिजीत : अमोनिया.

हिरामण : ह्ये पन तेच बोलले. म्या इचारलं, म्हंजी काय? तर लाजले.

महेंद्र : लाजणार नाही तर काय? लघवीतनं येतो तो, दादा. आता ऐकाच. पहिल्या टाकीत आपण हवा सोडतो. तिथले जंतू अमोनिया खातात, त्याचं नायट्रेट करतात. दुसऱ्या टाकीत हवा बंद. तिथले जंतू नायट्रेटचा नायट्रोजन करून सोडून देतात. बुडबुडे वर येतात, फुटतात, विषय संपला. आईने अख्ख्या बुवापाड्यात पेढे वाटले होते, माझा महेंद्र केमिस्ट झाला म्हणून. महेंद्र काय करतो? शहराची लघवी हवेत उडवतो. आणि आता तेही जमेना.

अभिजीत : पण तुझे जंतू मेले कशाने?

महेंद्र : माझ्या हुशारीने. साहेबांची व्हिजिट होती ना? रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा मारल्या. रांगोळी काय काढली असेल कुणी अशी! गोण्या उरल्या. टाकीला वास येत होता. पोरं म्हणाली, सर, उरलेली पावडर टाकीत टाकू? मी म्हणालो, टाका, टाका, साहेबांना वास नको यायला.

अभिजीत : टाकीत? ब्लीचिंग?

महेंद्र : हस ना. तुझा हक्क आहे. जंतू पाळायचा पगार घेतो मी आणि जंतुनाशक ओततो. साहेब आले, मोठ्ठा श्वास घेतला, म्हणाले, 'व्हेरी क्लीन.' अरे साहेब, क्लीनच! आत एक जीव शिल्लक नाही.

हिरामण : हार पन घातला ह्यांना.

महेंद्र : झेंडूचा. तोसुद्धा नंतर टाकीतच पडला.

अभिजीत : तळ्याचं गेट बंद कर ना मग.

महेंद्र : केलंय. पण उन्हाळ्यात तळ्याला दुसरं पाणीच नाही. गेट उघडलं तर अमोनिया, बंद ठेवलं तर तळं आटतं. हे अमोनिया खाणारे जंतू वाढतात कसे, तुला माहितेय. भाड्याच्या खोलीत संसार मांडल्यासारखे, सावकाश. पावसाळ्यापर्यंत थांबलो तर तळ्यात नुसते काटे उरतील. म्हणून विरजण मागतोय. जिवंत गाळ दिलास तर चार-आठ दिवसांत टाकी लागेल.

हिरामण : देऊन टाका ना, भाऊ. शेजारीन वाटीभर दह्याला न्हाय म्हनत न्हाय.

अभिजीत : मला द्यायला आवडलं असतं हो. पण नियम...

महेंद्र : कळलं. सेमिनारमध्ये तू बोलत असताना मी झोपलो होतो, तो राग आहे ना?

अभिजीत : नुसता झोपला नव्हतास. घोरत होतास. माईकमध्ये येत होतं.

महेंद्र : चूक माझी. पुढच्या सेमिनारला पहिल्या रांगेत बसतो, डोळ्यांत तेल घालून. पाहिजे तर टाळ्या पण वाजवतो. पण मासे माझे नाहीत रे, यांचे आहेत. त्यांना तरी शिक्षा नको.

अभिजीत : राग नाही, महेंद्र.

महेंद्र : मग आत तरी घे. टाकी बघू दे. गेटवर काय उभं करतोस फेरीवाल्यासारखं?

अभिजीत : आत... काम चालू आहे.

हिरामण : महेंदरभाऊ, वास घ्या जरा.

महेंद्र : कसला? काही वास येत नाहीये.

हिरामण : त्येच म्हंतो म्या. तुमच्याकडं पन येत नव्हता.

महेंद्र : अभिजीत... साहेब माझ्याकडून निघाले ते कुठे गेले?

अभिजीत : इकडे.

महेंद्र : आणि तू?

अभिजीत : ब्लीचिंग. फिनेल पण. आणि कडेने अगरबत्त्या.

महेंद्र : अगरबत्त्या!

अभिजीत : मोगऱ्याच्या. हसू नकोस. काल रात्रभर मी अमोनियाचे आकडे बघतोय. मी उद्या तुझ्याकडेच येणार होतो गाळ मागायला. तोंड कसं दाखवू, याचा विचार करत होतो.

महेंद्र : मी टेम्पो घेऊन आजच निघालो, म्हणून वाचलास. नाहीतर दोघं अर्ध्या वाटेत भेटलो असतो, रिकामी पिंपं घेऊन.

हिरामण : दोगं शिकलेले. दोगांनी येकच केलं.

महेंद्र : कोर्स एकच होता, दादा.

हिरामण : हसू नंतर. माझं मासं थांबलेत तितं. आता कुटं जायाचं?

अभिजीत : जिथे साहेब गेले नाहीत, असा प्लांट पाहिजे.

महेंद्र : कीर्तीचा. उल्हासनगरला, जीन्सच्या कारखान्यांमागचा. साहेबांना तिथे नेलंच नाही. आपणच सांगितलं होतं ना मीटिंगमध्ये, तो प्लांट दाखवण्यासारखा नाही म्हणून?

अभिजीत : मी 'उकिरडा' म्हणालो होतो. तिच्यासमोर.

महेंद्र : आणि मी हसलो होतो. लाव फोन.

अभिजीत : तू लाव.

महेंद्र : दे इकडे. ...हॅलो, कीर्ती मॅडम? महेंद्र बोलतोय. हो, तोच. मॅडम, तुमच्याकडे साहेबांच्या व्हिजिटसाठी काही स्वच्छता वगैरे...? नाही? काहीच नाही? अहो, फार चांगलं केलंत! नाही, चेष्टा नाही. मॅडम, थोडा गाळ हवा होता. हो, अभिजीतला पण. हो, आहे इथे, मान खाली घालून. ...बरं. बरं. सांगतो.

अभिजीत : काय म्हणाली?

महेंद्र : म्हणाली, टाकी जोरात आहे, बुडबुडे भरपूर आहेत, वासही भरपूर आहे. पाहिजे तेवढं न्या. पण उकिरड्यावर यायला लाज वाटत नसेल तर.

अभिजीत : वाटते.

महेंद्र : मला पण. चढ टेम्पोत. दादा, पिंपांची झाकणं सापडत नाहीत, येताना हिंदकळेल सगळं.

हिरामण : झाकनं म्या घरीच ठेवली. ह्या पिंपांतनं माशांचं बी आनतो मी. जित्तं हाय ना तुमचं ते? मंग उघडंच आनायचं. म्या हलू चालवीन.