उरलेली चार मिनिटं अकरा सेकंद

—बूट दारातच राहू द्या, बर्फ वितळून तळं होतं माझ्या स्वयंपाकघरात. त्या खुर्चीत नको, ती लायलची. सही मागताय ना—देईन की, नाही कोण म्हणतंय—पण कशावर देते ते तर कळू दे. तुमच्या हॉकी संघटनेच्या फायलीत काय लिहिलंय देव जाणे.

या हेझलडीन गावात राहायचा ओरेस्ट, राहायची त्याची बायको नेटी, म्हणजे मी—आमच्या घरात पाळणा काही हलला नाही—आणि गावात होता वीस वर्षांखालच्या पोरांचा बर्फावरच्या हॉकीचा संघ, बॅजर्स. पोरं लांबून यायची, हिवाळाभर एकेका घरी राहायची, हंगाम संपला की आपापल्या गावी. आमच्याकडे आला लायल. गोलकीपर, एकोणीस वर्षांचा, आईबाप नाहीत, काकाकडे वाढलेला. पहिल्याच जेवणाला बटाटा भरून उकडलेल्या माझ्या एकवीस पेरोगी खाल्ल्या—मी नाही हो मोजल्या, ओरेस्टनं मोजल्या. संघ कसा होता म्हणता? वाईट. प्रशिक्षक होते मिस्टर क्वाम, गावातली मढी पुरायचं काम त्यांचं, त्यामुळे मध्यंतरात पोरांचं सांत्वन मात्र फार छान करायचे. एकदा आपला चांगला खेळाडू देऊन शेजारच्या गावाची बस घेतली—पुढच्याच सामन्यात त्यानं आमच्यावर चार गोल केले, आणि येताना बस बंद पडली. सगळ्यांनी ढकलली. लायलनं पायाचे जाड पॅड न सोडता ढकलली.

मग शहाऐंशीचा तो सामना. दोन-दोन बरोबरी, चार मिनिटं अकरा सेकंद उरलेले, आणि वादळानं वीज गेली. पंच म्हणाला, उरलेलं उद्या खेळू. सकाळी बघतो तर बर्फाच्या भारानं रिंकचं, खेळायच्या जागेचं, छप्परच खाली बसलेलं. मग कसला संघ नि कसलं उद्या. एकेक पोरगं गेलं. लायल म्हणाला, "नेटीमावशी, शेवटची शिट्टी वाजल्याशिवाय गोलकीपर जाळी सोडत नसतो." मी म्हटलं, बरोबर आहे बाबा. अडतीस वर्षं मी तेच म्हणतेय. धान्याच्या कोठारावर कामाला जातो, ओरेस्ट वारला तेव्हा शवपेटीला पहिला हात त्यानंच लावला, आणि शनिवारी पॅड बांधून रिंकच्या जागी जाऊन उभा राहतो. उन्हाळ्यात तिथं मोहरी असते. म्हटलं, काय करतोस रे तिथं? तर म्हणे, अजून एकही गोल आत गेला नाही.

पत्र? कसलं पत्र—मला कुठं वाचता येतं. बरं, आलं होतं. त्याच वसंतात. संघ बंद, खेळाडू घरी पाठवा. ओरेस्टनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी चुलीचं झाकण उचललं, गेलं ते आत. झालं समाधान? आता तुम्ही म्हणता लिहून द्या, खेळाडू परत पाठवला म्हणून. म्हणजे शिट्टीच वाजली की ती. मी कुठल्या तोंडानं त्याला राहा म्हणू? त्याचं माझं नातं काय, तर चार मिनिटं अकरा सेकंद.

हे काय काढताय पिशवीतून? एवढी पत्रं? हे अक्षर ओळखते मी, लायल किराणाची यादी करतो तिच्यावर असतं. वाचा. दर सप्टेंबरात? तुमच्या ऑफिसला? आणि तेव्हाचं पत्र त्यालाही आलं होतं—कोठारावर—म्हणजे ठाऊक होतं त्याला, पहिल्यापासून?

पुन्हा वाचा तेवढं. "हंगाम संपवू नये, माझ्या आईला चालणार नाही." आई असंच लिहिलंय? कुठं, बोट ठेवा बरं त्यावर.

हं.

उठा आता. गाडी वाजली त्याची, पेरोगी टाकायच्यात. बूट उचला नि मागच्या दारानं जा. आणि फायलीत लिहा, सामना चालू आहे.